बोटीवरचा 12 व्होल्टचा पाण्याचा पंप: एक हंगाम वापरल्यावर

मालवणात स्कूबा-स्नॉर्कलिंगच्या पर्यटकांना घेऊन जाणारी आमची फायबरची बोट आहे. समुद्रातून वर आलेल्या माणसाला दोन मिनिटं गोड्या पाण्याचा शॉवर मिळाला की त्याचा सगळा शीण जातो. म्हणून दिवाळीच्या आधी 200 लिटरच्या टाकीवर 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप (आतला रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा) बसवला. नळ उघडला की आपोआप चालू, बंद केला की आपोआप बंद, या जातीचा. मिनिटाला 11 लिटर पाणी आणि 40 पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) कटऑफ, म्हणजे तेवढा दाब झाला की पंप थांबतो. मे महिन्यापर्यंत तो रोज राबला आहे.

पंप चांगला आहे आणि मी तोच पुन्हा घेईन. मात्र हंगामभर ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेक पंपाच्या पोटात सापडल्या नाहीत. पाइप, जाळी, वायर आणि हवा, याच चार ठिकाणी सापडल्या. घेणाऱ्याने पंपापेक्षा या चार गोष्टींवर जास्त लक्ष द्यावं असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त छळलं ते हवेने. पोरगा हाक मारायचा, "दादा, पंप चलता, पन पाणी येना नाय." शॉवर थुंकल्यासारखा थोडं पाणी टाकायचा, मग नुसती हवा. टाकी भरलेली असायची. अशा वेळी पंप खोलू नका. सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपात पाणी ओढणारा पाइप टाकीकडून सोडवा आणि थेट पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा. धार नीट लागली तर पंप ठणठणीत आहे, दोष टाकीच्या बाजूला शोधायचा. सक्शनची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. पाइप कोरडा, क्लिप कोरडी, आणि तरी पंप हवा ओढतोय. आमच्याकडे पंपाच्या आधी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या पारदर्शक वाटीखालच्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) वाळूचा एक कण बसला होता, तेवढाच. वाटी काढून ओ-रिंग बोटाने पुसली, तिला सिलिकॉन ग्रीस लावलं, वाटी हाताने आवळली, आणि पाणी आलं. (पक्कड लावून आवळू नका, वाटीला तडा जातो.) त्यानंतर सक्शनचा पाइप पारदर्शक आणि आत तारेची गुंडाळी असलेला घेतला. बुडबुडे पळताना दिसतात, शोधाशोध निम्मी होते. पाइप पारदर्शक असेल तर तो उन्हापासून झाकून ठेवावा लागतो, नाहीतर आत शेवाळ धरतं आणि तेच पुढे जाळीत येऊन बसतं.

जाळीबद्दल एवढंच सांगतो की आमचं पाणी विहिरीचं, त्यात जांभ्याचा बारीक लाल गाळ असतो. आठवड्याला जाळी धुवावीच लागते. जाळीशिवाय पंप चालवला तर एखादा कचऱ्याचा तुकडा आतल्या व्हॉल्वमध्ये अडकतो आणि पंप नुसता घुरघुरत बसतो. टाकीच्या हवेच्या नळीकडेही लक्ष ठेवा. ती बुजली तर प्लास्टिकची टाकी आत ओढली जाते आणि पाणी हळूहळू कमी होत बंद पडतं.

दुसरं दुखणं वायरचं. सगळे नळ बंद, गळती कुठेच नाही, तरी पंप थांबत नाही. किनाऱ्यावर पहिला सल्ला मिळतो तो प्रेशर स्विचचा (दाबाप्रमाणे पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) स्क्रू फिरवायचा. तसं करू नका. आधी पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर 12.4 व्होल्ट आणि पंपापाशी जेमतेम 10.8 दिसले, तर मोटर तेवढा दाबच तयार करू शकत नाही आणि कटऑफपर्यंत पोचत नाही. बॅटरीपासून 8 मीटरवर पंप असेल तर जाऊन-येऊन 16 मीटर वायर होते. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये 8 अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. 4 चौरस मिलिमीटरची घातली की ही घट अर्ध्या व्होल्टवर येते. साध्या तांब्याला खाऱ्या हवेत हिरवा गंज चढतो आणि तो इन्सुलेशनच्या आतून पुढे सरकत जातो. कलई केलेल्या तांब्याची वायर महाग पडते, पण बोटीवर तीच घ्या. वायरच्या टोकाला लग (धातूचं टोक) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, वर गोंदवाली हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा.

प्रेशर टाकी, म्हणजे डिलिव्हरीच्या बाजूला, पंपातून पाणी बाहेर पडतं तिथे बसणारा हवा भरलेला छोटा डबा, दुकानदार ऐच्छिक म्हणून विकतो. माझ्या लेखी ती पंपाइतकीच गरजेची आहे. ती नसताना नळ बारीक सोडला की पंप क्षणाक्षणाला चालू-बंद होतो, टक-टक-टक, आणि मोटरचा सगळा करंट पेलणारे स्विचचे पॉइंट जळतात. आमचा पंप 25 पीएसआयला चालू होतो, त्यामुळे या प्रेशर टाकीत हवा 23 पीएसआय ठेवली आहे. ती भरताना पंप बंद आणि नळ उघडा हवा, पाण्याचा दाब शून्य असायला हवा, नाहीतर आकडा खोटा दिसतो. सायकलचा पंप चालतो. 1 लिटरच्या टाकीत पाव लिटर पाणी पंप न चालता मिळतं. हात धुण्यापुरतं पुरतं आणि रात्री पंपाचा आवाज होत नाही.

मे महिन्याच्या गर्दीत एकामागून एक शॉवर चालले की मोटरला हात लावला तर चटका बसतो आणि ती बंद पडते. घाबरू नका, आतला थर्मल कट लागतो, गार झाली की आपोआप सुरू होते. हे पंप सलग चालवायला बनवलेले नसतातच. बसवताना मोटर वर आणि पंपाचं डोकं खाली ठेवा, म्हणजे डोकं पाझरलं तरी पाणी मोटरमध्ये जात नाही. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर लवचिक पाइप ठेवा, कडक पाइप थेट जोडला तर सगळी बोट गुरगुरते.

परदेशी माहितीपत्रकात हिवाळ्यासाठी अँटिफ्रीझ भरायला सांगतात. कोकणात त्याची गरज नाही. पावसाळ्यात बोट वर ओढली की टाकी रिकामी करा, नळ उघडे ठेवून पंप काही सेकंद कोरडा चालवा आणि जाळीची वाटी काढून ठेवा. साचलेलं पाणी दोन महिन्यांत वास मारतं.

सध्या एकच तक्रार शिल्लक आहे. नळ बंद असताना रात्री तासा-दीड तासाने पंप एकदा झटका देतो. पंपाच्या लगेच पुढे, प्रेशर टाकीच्या आधी, बॉल व्हॉल्व बसवला आहे. तो बंद केल्यावरही झटका येतो, म्हणजे पुढची लाइन कोरी आहे आणि पंपाचा स्वतःचा व्हॉल्वच पाणी मागे टाकीत सोडतोय. व्हॉल्व आणि डायफ्रॅमचं किट वेगळं मिळतं, पण विकणाऱ्याने आधी ते नाही म्हणूनच सांगितलं, दोनदा मागितल्यावर मागवून दिलं. तुम्ही घेताना पंपाबरोबरच ते किट मागून घ्या. ते बसवेपर्यंत बोटीवरून उतरताना आम्ही पंपाचा मेन स्विच बंद करतो. किट बसल्यावरही तो बंदच करणार आहे, कारण एखादी क्लिप निसटली तर माणूस नसताना सगळी टाकी बोटीच्या तळात उपसली जाईल.