थंडीत डिझेल गाडी सुरू होईना: बॅटरी की हीटर प्लग?

जानेवारीत धुळे-जळगावकडे पारा 10 अंशांखाली उतरला, की सकाळी डिझेल गाड्या रुसतात आणि लोक थेट नवी बॅटरी आणतात. आधी आवाज ऐका.

स्टार्टर जड, रेंगाळत फिरतोय, हेडलाइट मंदावतोय? मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना 9.5 च्या खाली गेले तर ती थकलीय. त्याआधी टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर मात्र साफ करा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि दुपारी तीच गाडी एका चावीत सुरू? मग हीटर प्लगच बघा, म्हणजे सुरू करण्याआधी थंड इंजिन आतून तापवणारा छोटा प्लग. वायर काढून मल्टिमीटर लावा: चांगला प्लग 1 ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेल्यात सर्किटच तुटलेलं असतं. प्लग बॅटरीपेक्षा खूप स्वस्त पडतो, म्हणून पैसे काढण्याआधी हे मोजाच.