१४४१६ : फोन आधी आईबाबांनी लावावा

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. देशपातळीवर तिची सूत्रं बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे आहेत. फोनवर आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतात. मुलांनी स्वतः फोन करावा हे उत्तमच. पण आम्हाला ही सेवा सर्वांत उपयोगी वाटते ती पालकांची रंगीत तालीम म्हणून.

पोरगं दार लावून बसतं, जेवण तुटलंय, मनगटावर ओरखडे दिसले. मग फोन लावून थेट त्याच्या हातात कोंबला जातो. स्पीकर चालू, आई शेजारी, आजी दारात. उत्तरं येतात 'हो', 'नाही', 'काही नाही'. कॉल वाया जातो, शिवाय हा नंबर त्याच्या लेखी 'आईबाबांची माणसं' ठरून बसतो.

म्हणून पहिला फोन तुम्ही, मुलाच्या कानाआड करा. त्याआधी कागदावर लिहून घ्या: मुलाचं वय, बदल किती दिवसांपासून, झोप किती, खाणं किती, शाळेला दांड्या किती, आधी स्वतःला इजा केली आहे का, कुठली औषधं चालू आहेत, तुमचा तालुका-जिल्हा. 'तो हल्ली विचित्र वागतो' एवढ्यावर कुणालाच नेमकं काही सांगता येत नाही. नंतर विचारा, 'मी पहिलं वाक्य काय बोलू?' आणि उत्तर शब्दशः उतरवून घ्या. 'गेले पंधरा दिवस तू रात्री जागा असतोस, मला दिसतंय' या वाक्यावर मूल बोलू शकतं. 'तुला काय कमी केलंय आम्ही?' यावर फक्त वाद होतो. बोलणं समोरासमोर बसून करू नका. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना जीभ लवकर सुटते.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. काही घेतलं असेल किंवा जखम केली असेल, तर १४४१६ वर बोलत बसू नका; ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा, जवळचं रुग्णालय गाठा.

आणखी एक चूक वारंवार होते. लैंगिक छळाची शंका असली तरी इथेच फोन केला जातो. त्यासाठी चाइल्डलाइन १०९८ आहे, १९९६ पासूनची, मुंबईत सुरू झालेली. आणि मुलाला 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळवणं बंधनकारक आहे. वचन मोडलं की मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून' एवढं म्हणा.

पाळी, स्वप्नदोष, वयात येतानाचे शरीराचे प्रश्न असतील तर सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक गाठा. १० ते १९ वयोगटासाठीच आहे ते.

आता उणी बाजू. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नका, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची तयारी ठेवा. त्या वेळी तोच कागद कामी येतो. आणि घरात एकच मोबाइल असेल, तर मुलाचा फोन झाल्यावर कॉलच्या यादीतला नंबर त्याला स्वतः पुसू द्या.