ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ : सात महिन्यांनंतर

आधीच कबूल करतो, अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची ही तबकडी पहिले दोन महिने मी उलटवलीच नाही. शीर्षक-रचना जवळपास साडेदहा मिनिटांची. ती संपली की सुई उचलायची आणि पुन्हा कडेला ठेवायची. शेवटी बायकोनं विचारलं, “यात एकच गाणं आहे का?”

आहेत पाच, आणि पाचही मॉर्गननंच रचलेली. २१ डिसेंबर १९६३ ला न्यू जर्सीत, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. मॉर्गन तेव्हा २५ वर्षांचा. हेरॉइनपायी मधली दोनेक वर्षं वाया गेलेली. ट्रम्पेट ऐकून हे कुणाला खरं वाटणार नाही, इतका माज आहे त्यात! कळ अर्धवटच दाबून तो सूर असा पिळतो की कुणीतरी तोंड वाकडं करून टोमणा मारतंय असं वाटतं.

शीर्षक-रचना ब्लूज आहे, म्हणजे ठरावीक बारांचं (मात्रांच्या गटांचं) आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, पण नेहमीच्या १२ ऐवजी २४ बारचं. लहानपणी तबला शिकल्यानं मला मोजायची खोड. १२ संपले की सम आली म्हणून मांडीवर थाप मारायचो आणि तोंडघशी पडायचो. बिली हिगिन्स ड्रमवर हसत असणार. आता मोजणं सोडलंय.

तबकडीबद्दल तक्रार एकच. पहिली प्रत वाकलेली आली, बदलून मिळायला तीन आठवडे गेले. दुसरी ठीक आहे.

माझं मत बदललं ते शीर्षक-रचनेच्याच बाजूवरच्या ‘टोटेम पोल’मुळे. लॅटिन ठेका, मायनर सुरावट. जो हेंडरसनचा टेनर सॅक्सोफोन तिथं मॉर्गनच्या दिमाखाला जरा काळोखी देतो. शीर्षक-रचनेत तो पाहुणा वाटतो, इथं घरचा. पियानोवर बॅरी हॅरिस, मुळात अस्सल बीबॉपचा, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझचा माणूस. ठेक्याच्या गाण्यात तो फारसा रमत नसावा असा माझा संशय, पण म्हणूनच तो मोजकं वाजवतो आणि बाकीच्यांना जागा मिळते.

दुसऱ्या बाजूला ‘बॉय, व्हॉट अ नाइट’ तीन-तीनच्या झोक्यावर मस्त धावतं. ‘होकस पोकस’ चांगलं आहे, पण मी सहसा तोवर चहाला उठलेलो असतो.

अमेरिकेत ही तबकडी एवढी खपली की ती काढणारी ब्लू नोट कंपनी पुढं कितीतरी तबकड्यांच्या सुरुवातीला असाच ठेका मागत राहिली. त्यातल्या दोन ऐकल्या. ठेका आहे, पण बेसवरचा बॉब क्रॅनशॉ पहिल्या काही सेकंदांत जी गंमत करतो, ती नाही.