एक टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर स्प्लिट एसी: बोरिवलीत दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

आधी घर सांगते, कारण घर कसंय ते सांगितल्याशिवाय एसीचा रिव्ह्यू कोणाच्याच कामाचा नाही. बोरिवली पश्चिम, सात मजली बिल्डिंगचा सातवा मजला, डोक्यावर थेट गच्ची, बेडरूम साधारण ११० चौरस फूट आणि तिची एक अख्खी भिंत पश्चिमेला, म्हणजे दुपारी तीनपासून ऊन भिंतीवर आणि रात्री दहाला हात लावला तरी भिंत कोमट. या खोलीत आमचा दीड टनाचा साधा स्प्लिट होता, बारा वर्षं चालला, कॉम्प्रेसर गेला तेव्हा काढला, आणि त्याच्या जागी मार्च २०२३ मध्ये एक टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसर हळू-जोरात फिरवणारा एसी) घेतला, आर-३२ गॅस, तांब्याची कॉइल. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. मध्ये तीन महिने जो त्रास झाला तो मशीनचा नव्हता, बसवणाऱ्याचा होता, आणि नाव लिहिलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

दुकानात सगळ्यांनी सांगितलं टॉप फ्लोअर आहे ताई, दीड टनच घ्या, एक टनात पस्तावाल. मी नाही ऐकलं आणि आज बरं वाटतं. आमच्या सोसायटीने आदल्याच वर्षी गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी) करून घेतला होता, त्याने छताचा ताप खूपच उतरला, आणि खोली लहान, खिडकी एकच. टन म्हणजे वजन नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, एका तासात खोलीतली किती उष्णता उचलून बाहेर फेकू शकतो त्याचं ते माप, १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. खोलीला जेवढं लागतं त्याच्यापेक्षा मोठा घेतला तर पाच मिनिटांत हवा गार होते पण ओल तशीच राहते, आणि मुंबईत खरी अडचण ओलीचीच आहे, त्यावर पुढे येते.

आता आकडे. जुना एसी होता तेव्हाच शेवटच्या उन्हाळ्यात आम्ही इलेक्ट्रिशियनकडून एसीच्या लाइनवर छोटा सब-मीटर बसवून घेतला होता, कारण बिल आलं की घरात रोज वाद, कोणी म्हणे गिझर, कोणी म्हणे फ्रिज. सासऱ्यांनी ते काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी चहाच्या आधी चष्मा लावून मीटर बघायचा आणि कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने रात्रीचे युनिट लिहायचे, अजून लिहितात. त्यामुळे माझ्याकडे जुन्याचाही मे महिना आहे आणि नव्याचाही.

जुना, रात्री दहा ते सकाळी सहा, २४ वर: ९ ते १० युनिट. नवा, तेवढेच तास, २६ वर आणि वर पंखा दोन नंबरवर: ४.३ ते ४.५. पण ही तुलना बरोबर नाही कारण डिग्री वेगळी आहे, म्हणून मी एक आठवडा नवाही २४ वर ठेवून बघितला तर ५ च्या आसपास आला. म्हणजे निम्म्याच्या आसपास फरक मशीनचा आणि साइझचा, वरचा अर्धा-पाऊण युनिट डिग्रीचा. बीईईवाले (स्टारचं लेबल ठरवणारी सरकारी संस्था) सांगतात की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, आमच्याकडे जवळपास तसंच निघालं. २६ ला पंख्याबरोबर झोप लागते का? लागते. सासूबाईंना तर २७ पण गार वाटतं.

पैशात सांगायचं तर मे महिन्यात जवळपास दीडशे युनिट कमी, आणि हे दीडशे बिलातल्या वरच्या स्लॅबमधून कमी होतात हे लक्षात घ्या. आपल्याकडे १०० पर्यंत वेगळा दर, ३०० पर्यंत वेगळा, ५०० पर्यंत वेगळा, त्याच्या वर आणखी, आणि एसी नेहमी सगळ्यात वर बसतो कारण पंखा-फ्रिज-टीव्ही तर आधीपासून चालूच असतात. वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे), १६ टक्के वीजशुल्क वगैरे सगळं धरून मला त्या स्लॅबात युनिट ११ रुपयांच्या आसपास पडलं, म्हणजे फक्त मे मध्ये सोळाशे रुपये.

आता तुम्ही विचाराल ५ स्टारच का, ३ स्टार तर तेव्हा साताठ हजारांनी स्वस्त मिळत होता. मीही हाच हिशोब केला होता. स्टार मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआर आकडा (एका युनिट विजेत वर्षभरात सरासरी किती युनिट उष्णता उचलतो तो) बघा, आणि लेबल कुठल्या काळासाठी आहे तेही बघा, कारण नियम कडक होत जातात आणि आधीच्या वर्षीचा ५ स्टार पुढच्या वर्षी ४ होऊ शकतो. जुलै २०२२ पासूनच्या नियमात स्प्लिटला ५ स्टारसाठी हा आकडा निदान ५ लागत होता आणि ३ स्टार ३.८ पासून सुरू होत होता. मी बघितलेला ३ स्टार ४ चा होता, माझा ५ चा. ४ आणि ५ मध्ये म्हणजे तेवढ्याच गारव्याला २० टक्के वीज कमी. माझा सरासरी महिना ११० युनिट धरला तर ३ स्टारने १३७ घेतले असते, वर्षात आठ महिने एसी चालतो, झाले २२० युनिट, सव्वाचोवीसशे रुपये, म्हणजे वरचे पैसे तीन-सव्वातीन वर्षांत परत. आणि लेबलवरचे वर्षाचे युनिट १६०० तास वापर धरून काढलेले असतात, आमच्या फक्त रात्रीच १९०० तासांच्या वर जातात, त्यामुळे मुंबईकराला ५ स्टार परवडतोच असं माझं स्पष्ट मत आहे. जो वर्षातून दोनच महिने लावतो त्याने ३ स्टार घ्यावा, उगाच पैसे घालवू नये.

आणि अजून एक, इन्व्हर्टरला मुंबईची रात्र मानवते. बाहेर २८-२९ असतं, नागपूरसारखं ४५ नाही, त्यामुळे एकदा खोली गार झाली की कॉम्प्रेसर हळू हळू फिरत राहतो, बंद-चालू बंद-चालू करत नाही, आणि असा हळू चालतानाच तो सगळ्यात कमी विजेत काम करतो. आमच्या मीटरवर पहिला तास जवळपास एक युनिट आणि पहाटे तीन ते सहा मिळून जेमतेम युनिटभर असं दिसतं. म्हणूनच रात्री दर तासाला उठून बंद करून परत लावायची सवय सोडा, आमच्या घरात ती होती, बंद करा म्हणून आई ओरडायची, इन्व्हर्टरला त्याचा फायदा नाही.

आता तो त्रास. एप्रिल-मे ४.४ येत होते, जून संपता संपता ६, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ७. बाहेर पाऊस, गरमी कमी आणि युनिट जास्त. सासऱ्यांनीच दाखवलं, म्हणाले सूनबाई हे बघ, आकडा चढतोय. मी म्हटलं दमटपणामुळे असेल. दोनदा माणूस येऊन गॅस मारून गेला, दोन्ही वेळा पंधरा दिवस बरं आणि परत तेच. मग ओळखीचा जुना मेकॅनिक बोलावला, त्याने डक्टमध्ये उतरून टॉर्च मारली आणि मला खिडकीतून वाकून बघायला लावलं, आउटडोअरच्या बारीक पाइपवर पांढरा बर्फाचा थर, बोटभर जाड. साबणाचा फेस नटावर लावला तर टपोरे बुडबुडे, एक फुटला की दुसरा, अगदी शांतपणे. पाइपचं तोंड वाकडं फुलवलं होतं आणि तसंच नटात कोंबून आवळलं होतं.

त्याने मला सरळ विचारलं, बसवताना पंप लावला होता का? नव्हता लावला. मी समोर उभी होते, त्या मुलाने व्हॉल्व थोडा सैल करून फुस्स करून हवा काढली आणि म्हणाला झालं. हे मला तेव्हा कळलंच नाही. पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने खेचून काढायची असते, ती आत राहिली की कॉम्प्रेसरवर दाब वाढतो, वीज वाढते, आणि मुंबईच्या हवेत ओल किती असते ते सांगायला नको. शिवाय आर-३२ थोडा पेट घेणारा गॅस आहे, तो असा खोलीच्या तोंडाशी सोडायचाच नाही. मेकॅनिकने होता तो गॅस काढून घेतला, तोंड कापून नवीन फुलवलं, नायट्रोजन भरून गळती तपासली, अर्धा तास पंप चालवला आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून प्लेटवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस भरला. दुसऱ्या रात्री ४.३. तीन महिने मी ५ स्टारचे पैसे भरून ३ स्टारपेक्षा वाईट एसी चालवत होते आणि मला वाटत होतं ऋतू आहे, याचं फार वाईट वाटलं. ज्या दुकानाने माणूस पाठवला त्यांनी शेवटी मेकॅनिकचे पैसे अर्धे दिले, ते पण चार फोननंतर.

त्याच मेकॅनिकने दुसरी गोष्ट दाखवली. सोसायटीच्या नियमाने सगळे आउटडोअर डक्टच्या जाळीमागे. बाहेर ३४ असताना जाळीमागे थर्मामीटर ठेवला तर ४३. आपलाच फेकलेला गरम वारा परत आत ओढत होता बिचारा. सेक्रेटरींना आकडा दाखवला, समोरच्या चार आडव्या पट्ट्या काढायची परवानगी मिळाली, रात्रीचे युनिट ४ च्या खाली आले, ३.९, कधी ३.८. यावर आणखी काही लिहीत नाही, पण तुमचा आउटडोअर कुठे कोंडलाय ते आजच बघा. आणि खाडीकडची खारी हवा आहे, तर वर्षातून दोनदा मेन बंद करून आउटडोअरच्या पत्र्यांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारून घ्या, मीठ आणि धूळ निघते.

आता पावसाळा, जिथे मला या मशीनची एकच खरी तक्रार आहे. जुलैत २६ वर ठेवला की खोली लगेच २६ ला पोचते आणि कॉम्प्रेसर इतका हळू होतो की कॉइल पुरेशी गारच राहत नाही, हवेतली ओल निघत नाही, चादर ओलसर लागते, मग माणूस २३ करतो आणि वीज जाते. मी अडीचशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं, फॅन ऑटोवर ६८ टक्के. फॅन अगदी लो वर केला तर ६०, ड्राय मोडमध्ये ५७-५८, आणि २६ लाच छान झोप लागली. एका रात्री ड्रेन पाइप बादलीत सोडला, सकाळी ९ लिटर पाणी. नऊ लिटर! एक लिटर वाफेचं पाणी करायला साधारण ०.६८ युनिट उष्णता काढावी लागते, म्हणजे नऊ लिटरला सहा युनिट उष्णता, आणि एसी एका युनिट विजेत चार युनिट उष्णता उचलतो असं धरलं तर दीड युनिट वीज नुसती त्या बादलीसाठी गेली. रात्रीच्या चारातले दीड. तेव्हापासून एसी लावायच्या आधी खिडकीच्या स्लायडिंगच्या फटीत फोमची पट्टी, खोलीत ओले कपडे वाळत घालणं पूर्ण बंद (पावसाळ्यात हे किती कठीण आहे ते मला माहितीये, हॉलमध्ये दोरी बांधलीये). बादलीत आता ६-७ लिटर येतं.

माझा मामेभाऊ बॉस्टनला असतो, त्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगत होते तर तो म्हणाला अगं आमच्याकडे हाच डबा हिवाळ्यात घर गरम करतो. तिकडे त्याला डक्टलेस मिनी स्प्लिट हीट पंप म्हणतात. मशीन तेच, फक्त एक चार तोंडांचा व्हॉल्व जास्त, तो गॅसची दिशा उलटी करतो आणि बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून आत आणतो. तो उष्णता तयार करत नाही, वाहून आणतो, म्हणून साध्या हीटरला एका युनिटची एकच युनिट उष्णता मिळते तिथे याला तीन-चार मिळतात, कडाक्याच्या थंडीत कमी होतात पण तरी हीटरपेक्षा जास्तच. शिवाय तिकडच्या जुन्या घरांत माळ्यातून, भिंतीतून जाणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांतून २० ते ३० टक्के हवा वाटेतच गळते, स्प्लिटला नळ्याच नाहीत. मुंबईत हॉट अँड कोल्ड मॉडेल दाखवतात ते मात्र घेऊ नका, इथे पारा १६ ला आला तरी बातमी होते. पण नाशिकला नणंदेकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि दोन हजार वॅटचा हीटर रात्रभर चालतो, तिला मी तेच घ्यायला सांगितलंय.

बाकी बारीकसारीक: इनडोअरचा आवाज लो फॅनवर ऐकूच येत नाही, हाय वर येतो. वायफाय कधी वापरलं नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली, दहा मिनिटांचं काम. डिस्प्लेचा निळा लाइट रात्री डोळ्यात जातो, रिमोटवर बंद करायचं बटण आहे.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा पावसाळ्यासाठी कापला. बसवणाऱ्याला एकही नाही. येत्या मार्चमध्ये सासूबाईंच्या खोलीत दुसरा लावतोय, हाच, एक टनाचा, आणि या वेळी मेकॅनिक आधी ठरवलाय, पंप आणि वजनकाटा घेऊन येईन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. सासऱ्यांनी दुसरा सब-मीटर आत्ताच आणून ठेवलाय.