जुना स्पायडरमॅन एकत्रित पुस्तकात : काही महिन्यांच्या वाचनानंतर

स्पायडरमॅनच्या अगदी सुरुवातीच्या कॉमिक्समधल्या गोष्टींचं हे पुस्तक गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं. ‘मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स’ मालिकेतला पहिला भाग. 1962 मधली त्याची पहिली, जेमतेम 11 पानांची गोष्ट आणि 1963 पासून त्याच्याच नावानं निघालेले पहिले 10 अंक त्यात आहेत. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं जवळपास सगळी स्टीव्ह डिटको यांची. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी ते अजून कपाटात गेलेलं नाही. घ्यावं का, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत ‘घ्या’ म्हणतो.

मजा कशात आहे? ह्या गोष्टींना कशाचाही संकोच नाही. खलनायक आला की स्वतःचं नाव, ताकद आणि बेत खणखणीत आवाजात सांगून मोकळा होतो. आपल्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस ‘अलल डुर्र’ करत रंगभूमीवर यायचे, तोच हा थाट. हल्लीच्या सुपरहिरोंचा अंधार आणि घुसमट वाचून कंटाळलेल्या माणसाला हे फार बरं वाटतं.

आणि अडचणी कसल्या, तर रोजच्या. खरं नाव लपवून वावरणाऱ्या स्पायडरमॅनला पहिल्याच अंकात कार्यक्रमाचा चेक मिळतो, तो ह्याच नावावर. बँकेत गेल्यावर ओळखपत्र मागतात. अंगावरचा वेष दाखवला तर कारकून म्हणतो, वेष काय, कुणीही घालील! सहावीतला भाचा इथं थांबला. ‘मामा, ह्याचं आधार कार्ड नाही?’ मग पैसा नसणं, त्याला सांभाळणाऱ्या मे काकूंचं आजारपण, फोटो विकून घर चालवणं हे सगळं भाच्याला आपोआप कळत गेलं.

चौथा अंक माझा सगळ्यात आवडता. मारामारीत मुखवटा फाटतो म्हणून हा पठ्ठ्या घरी येऊन सुई-दोरा घेऊन तो शिवत बसतो. शेवटी वाळूचा माणूस सँडमॅन पकडला जातो तो व्हॅक्यूम क्लीनरनं! नवव्या अंकात विजेच्या इलेक्ट्रोशी लढायला रबरी हातमोजे आणि बूट घातले जातात. इथं डोकं चालवूनच जिंकावं लागतं. डिटकोंचे हातही बघण्यासारखे आहेत. जाळं सोडताना वळलेली बोटं भाचा वहीत पुन्हा पुन्हा काढतो.

चित्रात दिसतंय तेच शब्दांतही सांगितलंय, अशी तक्रार काही जाणकार करतात. आमच्याकडे त्याचाच फायदा झाला. भाचा मराठी माध्यमातला. इंग्रजी अडलं की चित्र बघतो, अर्थ लावतो आणि पुढं जातो. मोठ्यांनी शेजारी बसून संवादांचे फुगे मराठीत वाचून दाखवले तर आणखी रंगत येते.

एक मात्र करा. रोज एकच अंक वाचा. मुळात हे अंक महिना-दोन महिन्यांच्या अंतरानं वाचायला लिहिलेले आहेत, एका बैठकीत वाचले की तोच-तोपणा जाणवतो. पण पुस्तक एकत्र असल्यानं धागे हातात राहतात. गिधाडासारखा उडणारा व्हल्चर दुसऱ्या अंकात हरतो आणि सातव्यात परत येतो. लहानपणी आम्ही मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) सुट्ट्या अंकांतून वाचला. पुढचा भाग मित्राकडून मिळेल तेव्हा मिळेल! त्या हुरहुरीवर हा उपाय आहे.

उणं म्हणाल तर आकार. सहा बाय नऊ इंच, त्यात एका पानावर सात-आठ चौकटी. अक्षर बारीक होतं, चाळिशी लागलेल्यांनी चांगल्या उजेडात बसावं. बायकांच्या वाट्याला काळजी करण्यापलीकडे फारसं काही येत नाही, हे खटकतं. आठव्या अंकातली यंत्रमानवाची गोष्ट साधारण. बांधणी मात्र टिकली. इथल्या दमट हवेत मुखपृष्ठाची कड वळली होती, जाड पुस्तकाखाली ठेवल्यावर सपाट झाली.

दुसरा भाग मागवलाय. त्यात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पहिल्यांदा येतो, आणि मुखवट्यामागे कोण आहे ते भाच्याला अजून कुणीही सांगितलेलं नाही.