अंगठा आईचा, सही भाडेकराराची आणि गेले २९,५०० रुपये

भांडुपच्या फ्लॅटचं लीव्ह अँड लायसन्स रिन्यू करायचं होतं म्हणून एजंटला घरी बोलावलं. आई ७१ वर्षांची, बोटांच्या रेषा झिजल्यात, रेशनच्या दुकानातसुद्धा तिचा अंगठा पटकन लागत नाही, त्यामुळे "आजी, परत ठेवा, सर्व्हर स्लो आहे" याचं कुणालाच काही वाटलं नाही. मशीनचा लाल दिवा लागला की ती बिचारी अंगठा दाबून धरायची. मोबाईलचा स्क्रीन मात्र सगळा वेळ त्याच्याकडे.

मधेच त्याने विचारलं, "आजी, आधार कुठल्या बँकेला लिंक आहे?"

इथेच!! भाडेकराराला आधार कुठल्या बँकेला लिंक आहे ते लागतंच कशाला? पण भाडं खात्यावर येतं, डिपॉझिटचा चेक नंबर करारात टाकतात, त्या नादात कुणीही सांगितलं असतं. एईपीएसने, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर बँकेतले पैसे काढायच्या सोयीने, पैसे काढायला आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. ओटीपी नाही, पिन नाही. १०,०००, परत १०,००० आणि मग ९,५००. एसएमएस गेले बाबांच्या बंद पडलेल्या नंबरवर, म्हणून पासबुक भरल्यावर कळलं. आधी बँकेतला नंबर तपासा तुमचा.

बँकेत साहेब म्हणतात, "बायोमेट्रिक मॅच आहे, म्हणजे खातेदार स्वतः हजर होत्या." अहो होती ना हजर, पण करारासाठी! अंगठा तिचा हे मशीन सांगेल, तो कशासाठी ठेवला हे कोण सांगणार? पोलीस म्हणाले सायबरला जा, तिथे म्हणाले बँकेचं पत्र आणा, बँक म्हणते आधी एफआयआर आणा, आणि ७१ वर्षांच्या बाईला त्या बाकड्यावर बसवून ठेवतात. आरबीआयच्या ६ जुलै २०१७ च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे की चूक ग्राहकाची हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. प्रिंट दाखवली तर साहेबांनी वाचलीसुद्धा नाही. तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं. मी ती पोच जपून ठेवलीय.

पैसे गेल्याचं कळल्या कळल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री काढा, अंगठा कधी आणि कुठल्या संस्थेकडे गेला ते दिसतं, आम्हाला कराराच्याच वेळेत बँकेच्या नोंदी सापडल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, आजच लॉक करा, फुकट आहे, लागेल तेव्हाच उघडा. आणि स्क्रीन आपल्याकडे फिरवल्याशिवाय अंगठा ठेवू देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. आमचाही ओळखीचाच होता, आता फोन उचलत नाही.