विंगर की इन्व्हर्टेड विंगर?

फुटबॉल मॅनेजर 2024 या कॉम्प्युटर गेममध्ये उजव्या कडेला विंगर, म्हणजे रेषेलगत खेळणारा आक्रमक, ठेवला, की ‘चेंडू घेऊन बाहेरून पळ’ ही सूचना रोलसोबतच येते, काढता येत नाही. इन्व्हर्टेड विंगरला, म्हणजे कडेवरून मैदानाच्या मध्याकडे येणाऱ्याला, ‘आत वळ’ तशीच चिकटलेली. खरी गंमत संघसूचनांत आहे. उजवीकडे ‘ओव्हरलॅप’ लावलं की फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, विंगरच्या बाहेरून वर धावतो. पुढे साधा विंगर असेल तर दोघं एकाच पट्ट्यात, एकमेकांच्या पायात. इन्व्हर्टेड विंगर मात्र आत सरकताना समोरच्या संघाच्या बचावपटूलाही ओढतो आणि रेषेलगतची जागा फुलबॅकला मोकळी मिळते. फक्त त्याचा जोराचा पाय डावा हवा, म्हणजे आत वळून गोलवर मारता येतं! मी एकदा हट्टानं उजव्या पायाचा पोरगा घातला. त्याचे शॉट थेट प्रेक्षकांत. कडेवरून आलेल्या चेंडूवर डोक्यानं हेडर मारणारा उंच स्ट्रायकर असेल तरच मी साधा विंगर घेतो, तेही ओव्हरलॅप बंद करून.